भट्टी वाढव

३ नोव्हेंबर, सोमवार
आलो बापा नागपुरात! सकाळी सावनेरात डोळे चोळत होतो अन् दुपारी सीताबर्डीतल्या ह्या मोठ्या भोजनालयात तर्री-पोहे हाणून राहिलो होतो. माझी जयवंताताई इथं तळणाच्या फ्रायरवर असते. तिनंच मालकाले, मधुकररावांले, सांगून मले इलेक्ट्रिशियनची नोकरी लावून दिली. पहिलं काम, किचनच्या लाईनचा जुना ब्रेकर बदलणे. साधा नाही हा. चुलींवरच्या हूडात आग विझवायची यंत्रणा आहे. खाली तेल फार तापलं की तिथला सेन्सर एका वायरीतून इशारा देते अन् ब्रेकर धाडकन पडते, फ्रायरची लाईन कट. म्हणजे ताईचा जीव ह्या वायरीवर. जपून करा लागन.

एक गंमत आहे. इथं 'बंद कर' म्हणायचं नाही. भट्टी म्हणजे लक्ष्मी, ती 'वाढवायची' म्हणे, दुकान वाढवतात तशी. मी दोनदा 'बंद' म्हटलं तं आचारी गोपाळरावांनी असे डोळे वटारले! ताई हसली, सवय होईन म्हणे.

५ नोव्हेंबर
नवा ब्रेकर बसवला. टेस्ट घेतली, पहिल्याच फटक्यात पडला. एक नंबर काम! मालक खुश. मीबी आता 'वाढव' म्हणायले लागलो.

८ नोव्हेंबर
भर गर्दीत ब्रेकर पडला. आग नाही, काही नाही. जेवणाऱ्यांचा कल्ला, मालकाचा त्याहून मोठा. नवाकोरा माल, असा काहून पडन? वायर पाहिली, स्क्रू पाहिले, सारं बरोबर. मग फ्रायरपाशी गेलो. आचेचा नॉब पार शेवटपर्यंत फिरवलेला, तेलातून धूर. ताई शपथ घेऊन सांगते, तिनं हात लावला नाही. तेव्हा किचनमध्ये दुसरं कोण होतं? गोपाळराव. मी पाहिलं तं त्यांनी तोंड फिरवलं.

११ नोव्हेंबर
पुन्हा तेच. नॉब पुन्हा वर. दिवसभर गोपाळरावांवर नजर ठेवली. मी आलो की त्यांचं बोलणं थांबते. फ्रायरजवळून जात नाहीत, लांबून वळसा घालतात. मनात पाप असल्याशिवाय माणूस असा वागन का? शेवटी विचारलंच. म्हणाले, मी काहून करीन गा, गिरिधरले विचार. कोण गिरिधर म्हटलं, तं कांदे चिरायले लागले.

१२ नोव्हेंबर
ताईनं सांगितलं. गिरिधर माझ्या आधीचा इलेक्ट्रिशियन. परगावचा, नवाच, इथल्या बोलण्याची सवय नाही. ब्रेकर गर्दीत पडते म्हणून मालकानं तेव्हा वायर काढून ठेवली होती. एक दिवस तेलातून धूर निघाला. गिरिधर जवळ उभा होता. गोपाळराव लांबून ओरडले, वाढव! त्यानं नॉब वाढवला.

तेल पेटलं. लाईन कट झालीच नाही. गिरिधर गेला.

अन् मी त्या म्हाताऱ्यावर संशय घेऊन राहिलो होतो. लाज वाटली. पण मग नॉब कोण —

१४ नोव्हेंबर
गोपाळराव सुट्टीवर. तरी ब्रेकर पडला. मी डोळ्यांनी पाहिलं. जवळ कोणी नाही — नॉब फिरला — हळूहळू, नवखा माणूस चाचपून फिरवते तसा —

ताईले म्हटलं, सोड हे, घरी चल. लग्नाच्या ऑर्डरी आहेत म्हणे, खुळ्या.

१५ नोव्हेंबर
मालकानं पुन्हा सेन्सरची वायर काढली. ब्रेकरच्या पॅनेलले कुलूप, चावी त्यांच्या खिशात, ते बाहेर. फोन केला, येऊन राहिलो म्हणाले. ताईचा हात धरून ओढलं, ऐकत नाही. समोर बसलो आहे. नजर नॉबवर. लिहीत राहिलो तं भीती कमी वाटते —

फिरून राहिला. ताईची पाठ आहे तिकडे. हाक मारली, तळणाच्या आवाजात तिले ऐकू गेली नाही — उठून राहिलो —

जळक्या तेलाचा वास. फ्रायरकडून नाही. माझ्या मागून.

कानाशी विचारून राहिला कोणी, अदबीनं, नव्या नोकरासारखा — वाढवू का?

तोंडातून निघून गेलं. सवयीनं. हाव, वाढव.

नाही गा गिरिधर — बंद — बंद कर — ताई, तिथून ह