खाली सांडलेले दाणे

प्रिय ताई,

हे पत्र लिहायला बसायची माझी ही पाचवी खेप. पहिल्यांदा पेनच सापडेना. दुसऱ्यांदा सापडलं, तर ढब्बूने त्यातली रिफिल काढून फुंकणी केलेली. तिसऱ्यांदा ‘प्रिय ताई’ एवढं लिहिलं आणि कपाटाचं बिजागर करकरतंय हे आठवलं, म्हणून तेल शोधायला उठलो तो संध्याकाळीच टेकलो. तेल काही मिळालं नाही, पण माळ्यावर तुझी शाळेतली कंपासपेटी मिळाली. पार गंजलीय. चौथ्यांदा दोन पानं भरली आणि फाडून टाकली, कारण त्यात एकही खरी गोष्ट नव्हती. उशिराचं खरं कारण एकच, मी घाबरलोय, आणि घाबरलेल्या भावाचं अक्षर तू पहिल्या ओळीतच ओळखशील.

आधी एवढं वाच, मग घोटभर पाणी पी आणि पुढे जा. ठमी आणि ढब्बू ठणठणीत आहेत. दोघांच्या अंगावर ओरखडासुद्धा नाही. ढब्बूचा एक दात हलतोय, तो आपला आपणच हलतोय, त्यात माझा हात नाही. आता पुढचं. परसात साप आहे. आज बारा दिवस झाले, अजून हाती लागलेला नाही. आणि त्याला आवतण मी दिलंय. दर रविवारी तुझा फोन येतो तेव्हा दोघं माझ्या अंगावर चढलेली असतात, स्पीकर चालू असतो, तू विचारतेस ‘काय चाललंय’ आणि मी म्हणतो ‘मजेत’. 

तू ट्रेनिंगला गेलीस त्या दिवशी ढब्बू फाटकाचा गज धरून उभा राहिला तो हलेचना. जेवायला बोलावलं तर मान फिरवायचा. ठमी फार शहाण्यासारखी वागत होती, ते तर आणखी वाईट. सात वर्षांच्या पोरीने मला म्हणावं, ‘मामा, तू टेन्शन घेऊ नकोस’? दाजी जहाजावर, तू तिकडे, आणि घरात मोठं माणूस कोण, तर मी! आजवर मी टायरचं दुकान सांभाळलं, सर्कशीचा तंबू सांभाळला, एका म्हाताऱ्याचं गाढव सांभाळलं, ते पळून गेलं. तंबूवरून आठवलं, तिथे एक डावखुरा दोरवाला होता, तो अशी गाठ मारायचा की ओढावी तेवढी घट्ट बसत जाईल. ती त्याने मला शिकवली. आयुष्यात मला पक्की येते अशी ती एकच गोष्ट. म्हणून म्हटलं, चला रे पोरांनो, काहीतरी टांगू या.

पाण्याची रिकामी बाटली घेतली. गॅसवर खिळा तापवून आरपार भोकं पाडली आणि त्यांतून लाकडी चमचा घातला. दांड्यावर पक्ष्याने बसायचं, खोलगट भागात थोडे थोडे दाणे पडायचे. आत बाजरी भरली. अर्ध्या संत्र्याच्या सालीला तीन दोरे बांधले, झाली परडी. पुठ्ठ्याच्या नळीला शेंगदाण्याचा लगदा फासून ती दाण्यांत घोळवली. ढब्बूने आधी स्वतः चाटून पाहिली, मग पक्ष्यांना दिली. ठमीने बुटांचं खोकं रंगवून त्यावर पाटी लिहिली, ‘येथे फुकट जेवण मिळेल. भांडू नये.’ दोन दिवस कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या सकाळी एक चिमणी आली, चमच्याच्या दांड्यावर बसली आणि टिपायला लागली. आम्ही तिघं खिडकीला नाकं लावून श्वास धरून बसलो. ढब्बू कुजबुजला, ‘ती जेवतेय तोवर मीपण जेवतो,’ आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा त्याने ताट चाटूनपुसून खाल्लं. मला रडू आलं, ते मी कांद्यावर ढकललं. मग साळुंक्या आल्या, त्यांना ठमी ‘भांडकुदळ मावश्या’ म्हणायची. एक होला यायचा, संथ पावलं टाकत, पोट पुढे काढून, तो आमचा ‘मोठा साहेब’. सकाळी सातला आमच्या परसात असली गजबज असायची की विचारू नकोस.

आता माझी चूक ऐक. त्या बाटलीचं भोक पाडताना शेजारच्या शिवणवाल्या काकूंनी भिंतीवरून विषय काढला, मी तापलेला खिळा प्लास्टिकमध्ये तसाच धरून बोलत राहिलो आणि भोक बोट जाईल एवढं झालं. दाणे चमच्यावर थांबेचनात, नळ उघडा राहावा तसे खाली गळायचे. मला दिसत होतं गं. दुसरी बाटली करायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हटलं, असू दे, खाली खाणारेही असतात. होतेच. आठवड्याभरात उंदरांनी भिंतीलगत बिळं केली. काकू म्हणाल्या, ‘काय हो मामा, वरती पाखरांचं हॉटेल काढलंत, आता तळमजल्यावर उंदरांची खानावळ का?’ मी खो खो हसलो. ताई, मी हसलो.

मग एका दुपारी आम्ही नवीन खोकं सजवत बसलो होतो. ढब्बूला म्हटलं, जा, चिकटवायला काहीतरी शोधून आण, पान, पीस, काहीही. तो भिंतीकडून आला, दोन्ही हातांत एक पांढरट, कागदासारखी लांब पट्टी, तिचं टोक मागे मातीत लोळतंय. ‘मामा, ही लेस चिकटवू?’  कात होती ती. सापाने टाकलेली. ढब्बूच्या उंचीपेक्षा लांब, आणि डोळ्यांच्या जागीसुद्धा पापुद्रा. तो खूश होता, त्याला वाटलं आज आपण सगळ्यांत भारी वस्तू आणली. मी ती त्याच्या हातातून घेतली आणि ‘छान आहे’ म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

साप पकडणारे काका आले. गुडघ्यापर्यंत बूट, हातात आकडा, बोलणं मोजून. त्यांनी सगळ्या जुन्या फळ्या हलवल्या, बिळं पाहिली, मग उकिडवे बसून जमिनीवरची चिमूटभर बाजरी उचलली. ‘हे कोण टाकतं?’ ‘आम्ही!’ दोघं एका सुरात, छाती काढून. काका माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, ‘तो तुमच्यासाठी नाही आलेला. उंदरांसाठी आलाय. आणि उंदीर ह्याच्यासाठी.’ ती चिमूट त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. साप दगडी भिंतीच्या फटीत शिरलाय, भिंत पाडल्याशिवाय मिळायचा नाही. दाणे बंद करा, जमीन झाडत राहा, उंदीर गेले की तोही जाईल, तोवर पोरांना परसात सोडू नका. विषारी आहे का, विचारलं. ‘नुसत्या कातीवरून बिनविषारी असल्याचा शब्द देणार नाही,’ म्हणाले.

त्याच दिवशी सगळं उतरवलं. ठमीने पाटी कपाटात ठेवली. पण पाखरांना कोण सांगणार? ती सकाळी सातला येतात, रिकाम्या दोरीवर बसतात आणि खिडकीकडे बघतात. ठमी म्हणते, ‘त्यांना वाटतंय आपण रागावलोय.’ आणि मी? मी मोरीच्या भोकावर पाटा ठेवलाय. चपला, बूट, दप्तर, सगळं उपडं करून झटकल्याशिवाय कोणाला हात लावू देत नाही. खिळ्याला लटकणारा कमरेचा पट्टा पाहून परवा भर दुपारी ओरडलो. दिवसातून चाळीसदा पोरं मोजतो. दोनच आहेत, तरी मोजतो. एक, दोन. एक, दोन.

गुरुवारचं मात्र मी त्या फाडलेल्या पानांतही लिहिलं नव्हतं. सकाळी दूध गॅसवर ठेवलं आणि म्हटलं, ते तापेपर्यंत भिंतीजवळचे उरलेसुरले दाणे झाडून घेऊ. कचरा भरायला कोणीतरी हवं म्हणून मीच ठमीला बोलावलं. दोन मिनिटांचं काम, असं म्हणालो. ती सुपली घेऊन माझ्या मागे उभी होती, अनवाणी. मी झाडू फिरवला आणि फटीतून तो बाहेर आला. घाईत नव्हता. रंग विचारशील तर आठवत नाही, नुसती लांबी आठवते, संपतच नव्हती. मी झाडू टाकला, पळालो, स्वयंपाकघरात शिरलो आणि दार लावून कडी घातली. ताई, कडी घातल्यावर माझ्या लक्षात आलं की ठमी बाहेर आहे. आणि लक्षात आल्यावरही माझा हात कडीकडे गेला नाही. किती वेळ, ते मला नीट सांगता येतं, कारण मी दुधाकडे बघत होतो. साय फुगली, वर आली, उतू गेली, गॅस विझला. तेवढा वेळ.

तिने दार वाजवलं नाही. हाकसुद्धा मारली नाही. मी उघडलं तेव्हा ती धुण्याच्या दगडावर उभी होती, सुपली छातीशी घट्ट धरून, ओठ पांढरेफटक. ‘गेला तो,’ म्हणाली, ‘भिंतीत.’ मग आत आली, फडकं घेतलं आणि सांडलेलं दूध पुसायला लागली.   नंतर रविवारी तू फोनवर तिला विचारलंस, मामा नीट बघतो ना गं? ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘मामा एकदम भारी आहे.’ तेव्हापासून कचरा टाकायला मी दाराकडे निघालो की ती पुढे होते. ‘मामा, तू आत थांब. तू घाबरतोस ना.’ टोमणा नाही, राग नाही. ढब्बूला समजावते ना, अगदी तसं म्हणते.

शुक्रवारी मी माझी पिशवी भरली होती, हेही सांगून टाकतो. तू मला ओळखतेस. जिथे बिनसलं तिथून मी आजवर निघूनच आलोय. काकूंना सांगून पोरं त्यांच्याकडे ठेवायची आणि संध्याकाळची गाडी धरायची, इथपर्यंत ठरवलं होतं. ढब्बूला झोपवता झोपवता गाडी चुकली, आणि शनिवारी मला पुन्हा तेवढं धाडस झालं नाही, किंवा झालं म्हण, मला कळत नाही. पण रविवारच्या फोननंतर ठमी धड जेवत नाही. तुझं नाव निघालं की उठून जाते. ती आईशी कधी खोटं बोलली नव्हती, आता माझ्यासाठी बोलली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा बोलेल. सापाची भीती मला वाटते, पण ह्याची त्याहून जास्त वाटते. म्हणून हे पत्र. तिला विचारत बसू नकोस, रागावू नकोस, फक्त पुढच्या फोनवर म्हण की मामाने मला सगळं सांगितलंय. तेवढ्याने तिचं ओझं उतरेल. मग माझं काय करायचं ते तू ठरव. मला हाकल, दुसरं कोणी धाडायचं तर धाड. ते येईपर्यंत मी इथून हलत नाही. भीती गेलेली नाही, हे लिहितानासुद्धा पाय खुर्चीवर घेऊन बसलोय.

तुझाच,
भटक्या

ता. क. पाकिटाला डिंक लावत होतो आणि मागच्या गल्लीत रिक्षा थांबली. मला वाटलं काकूंकडे कोणी आलं. ताई, तू आहेस! अजून अकरा दिवस होते ना ट्रेनिंगचे? रिक्षावाला तुझं सामान उतरवतोय, तुझी पाठ आहे माझ्याकडे. तू नेहमीसारखी मागच्या फाटकाने येणार, भिंतीला लागून, आणि त्या बाजूचं गवत मी अजून कापलेलं नाही. ठमी दाराशी पोचलीसुद्धा होती, तिला मागे ओढून ढब्बूजवळ बसवलंय. हे पत्र तुझ्या हातातच देतो, तोंडाने मला सांगता यायचं नाही. पण आधी तुला फाटकाबाहेर थांबवायचंय. कडी काढली. निघालो.