माझ्या नावाने वेळेवर हप्ते भरणारा माणूस

३ जून, सकाळी ९
रक्त तपासणीच्या लॅबचं पत्र आलं. गेल्या वर्षी त्यांच्या कॉम्प्युटरमधून हजारो पेशंटांची माहिती चोरीला गेली, त्यात मीही आहे. नाव, पत्ता, जन्मतारीख, ओळखपत्र, सगळं. शेवटी बारीक अक्षरात लिहिलंय की ज्यांचं नुकसान झालं त्यांना भरपाई मिळेल. बारीक अक्षर वाचणारा या घरात मी एकटाच. आता फक्त नुकसान शोधायचं.

५ जून
सापडलं! बँकेतून माझं कर्ज-हप्त्यांचं रेकॉर्ड काढलं. कुणीतरी माझ्या नावावर वॉशिंग मशीन आणि ट्रेडमिल हप्त्याने उचललंय. बायकोला आनंदाने सांगितलं. तिला भलतीच काळजी. तिला कोपऱ्यावरच्या गाळ्यात शिलाईचं दुकान काढायचंय, त्याच्या कर्जाला सहकर्जदार म्हणून माझी सही लागते, आणि मालक गाळा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहे. म्हटलं, कर्ज हवंय कशाला? भरपाईतच दुकान येईल. ती उठून स्वयंपाकघरात गेली. भारावली असावी.

८ जून
ऑफिसात केसची फाइल उघडली. लाल फीत, अनुक्रमणिका, सगळं रीतसर. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, ट्रेडमिल तुझ्या नावावर असून पोट कसं सुटलं? असल्यांना कायदा कळत नाही.

१० जून
पोलीस चौकी. हवालदारांनी कागद दोनदा वाचले. चोराने अकरा हप्ते भरलेत म्हणे. एकही चुकलेला नाही, उलट दोन तर तारखेच्या आधीच. त्याचं स्वतःचं नाव खराब असणार, म्हणून बिचाऱ्याने तुमचं घेतलं, असं त्यांचं मत. बिचाऱ्याने! मी तिथल्या तिथे उठणार होतो, पण चहा सांगितलेला होता.

१२ जून
लॅबचा क्लेम फॉर्म. "मानसिक त्रासाचे वर्णन" याला दोन ओळी जागा. मी अकरा पानं जोडली. बायको म्हणाली, आधी कर्जावर सही करून टाका. तिला समजावलं की क्लेम चालू असताना कुठेही सही केली की केस ढिली पडते. हे मला कुणी सांगितलेलं नाही, पण उघड आहे.

१७ जून
बायकोने बँकेत नेलंच. कर्ज विभागातल्या बाईंनी सगळे कागद तपासले. तुमचं गेल्या वर्षभराचं रेकॉर्ड फार चांगलं आहे, आज सही करा, शुक्रवारी पैसे जमा होतील, म्हणाल्या. आता गप्प बसणं मला शक्यच नव्हतं. ठणकावून सांगितलं की त्यातलं एक खातं चोराचं आहे, ते आधी माझ्या नावावरून काढा. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि बायकोकडे बघितलं. बायको माझी बाही ओढत होती. पण मी तक्रार देऊनच उठलो. रस्ताभर ती चार पावलं पुढे चालत होती.

२४ जून
विजय! चौकशी झाली, खातं रद्द, चोराची एकूण एक नोंद पुसली. माझं नाव स्वच्छ. लॅबकडून अजून काही नाही, तेव्हा मोठ्या मनाने ठरवलं की उद्या कर्जावर सही करून टाकू.

२५ जून
बँक. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. चोराचं गेल्यावर फक्त माझं स्वतःचं उरलंय. मोबाइलचं बिल थकलेलं (रेंज येत नव्हती). मिक्सरचे चार हप्ते (झाकण नीट बसत नव्हतं). एक जुनं क्रेडिट कार्ड (तत्त्वाचा प्रश्न). सहकर्जदार म्हणून आता मी चालत नाही. "त्यांच्या हप्त्यांवरच तुमचं निभत होतं," बाई म्हणाल्या. चोराला अहोजाहो!
बायको सगळं ऐकत होती. घरी येऊन तिने दुकानासाठी काढलेली कापडं घडी घालून पुन्हा कपाटात ठेवली.

३० जून, दुपारी
लॅबचं उत्तर आलं. माझ्या नावाच्या गैरवापराची कोणतीही नोंद बँकेत आढळत नाही, सबब क्लेम नामंजूर. अकरा पानं परत पाठवलीत, न उघडलेली.
गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याने घेतला. बायकोला हे कसं सांगावं याचा तासभर विचार केला. तिला सकाळीच कळलं होतं. बेडरूमच्या खिडकीशी बसून शेजारणीच्या ब्लाउजला हुक लावत होती. वर न बघता म्हणाली, "तुमचं नाव तुम्हाला मिळालं ना परत? जपून ठेवा आता."
वाईट वाटलं. खरंच वाटलं. तिला म्हटलं, मी अपील करतो. ती म्हणाली, करा. फॉर्म काढून बसलो. पहिला रकाना अर्जदाराच्या नावाचा आहे. अजून तोच भरायचा राहिलाय.