शिवून ठेवलेले शेवटचे प्रकरण

अप्पा,

तुमच्या कापडदुकानातील ती कपाटे आठवली की मी आजही अस्वस्थ होते. खाली चादरी आणि धोतरजोड्या, वर भाड्याने द्यायच्या रहस्यकादंबऱ्या, आणि वर्गीकरण कसलेच नाही. इतिहासाची पदवी घेऊन मी घरी परतले, तेव्हा लातूर नुकतेच जिल्हा झाले होते आणि दुष्काळाने दुकानामागच्या विहिरीचा तळ उघडा पाडला होता. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेल्या साहेबांच्या बायका टँकरची वाट पाहता पाहता पुस्तक मागायला येत. कादंबरीतला काळ अचूक आहे की नाही, हे पाहून ती सुचवावी, असे माझे मत होते. तुम्ही मात्र येणाऱ्याचा चेहरा पाहत असा. ज्यांच्या घरात नुकतेच कुणी गेले असेल, त्यांना प्रेत नसलेली गोष्ट.

"रक्त नको हं अप्पा," एकदा एक बाई म्हणाली.

"रक्त न्हाई ताई, नुसता संशय हाय. चोरीला गेलेली अत्तरदाणी घरातच घावते."

"अहो, सांगूनच टाकलंत की!"

"घावते म्हणलो. लपवली कुणी, ते कुठं म्हणलो?"

आणि तुमचा तो हट्ट! प्रत्येक पुस्तकाचे शेवटचे प्रकरण तुम्ही पांढऱ्या दोऱ्याने शिवून ठेवत असा. वाचणाऱ्याने दुकानात यावे, गुन्हेगाराचे नाव सांगावे. ते पटले तरच तुम्ही कातर पुढे करणार. पुस्तकांची ही विटंबना मला असह्य होई. तरीही बहामनी काळातल्या किल्ल्याची ती कादंबरी मी उचलली. किल्ल्यातली विहीर आटते आणि पाण्यावरचा पहारेकरी नाहीसा होतो. एका बैठकीत वाचून मी तुमच्यासमोर उभी राहिले आणि किल्लेदाराचे नाव घेतले, पुराव्यांसह.

तुम्ही कापड मोजत होता. मान वर केली नाहीत. "न्हाई. पुन्यांदा वाच."

"अप्पा, मला इतिहासात सुवर्णपदक आहे."

"पदक हाय. सबुरी न्हाई."

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. पुस्तक माझ्याकडे राहिले, शिवलेलेच. पुढे मी कितीतरी विद्यार्थ्यांना आणि सहकाऱ्यांना रहस्यकथा सुचवल्या, काटेकोरपणे निवडून. ही कधीच नाही. तिचा शेवट मलाच ठाऊक नव्हता, आणि तुमचा दोरा तुमच्या संमतीवाचून तोडणे मला जमले नाही.

यंदा नांदेडला जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिची दुसरी प्रत दिसली. तुमच्या शिवणीला हात न लावता शेवट कळेल, म्हणून मी ती अधीरतेने उघडली. शेवटचे प्रकरण शिवलेले होते. तसाच पांढरा दोरा, तशीच दुहेरी गाठ.

"हे कुणी शिवलं?" मी दुकानदाराला विचारले.

"मी कशाला शिवू बाई? हदगावच्या गठ्ठ्यात असंच आलंय."

तुम्हीच कधीतरी दोन प्रती शिवल्या असतील, असे मी स्वतःला बजावले. मग आवृत्तीचे पान पाहिले. ही प्रत छापली गेली, तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षे लोटली होती. तुमच्या एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने ती रीत उचलली असेल, हेही शक्य आहे. मात्र त्या दोऱ्याला कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येतो.

दोन्ही प्रती समोर ठेवून मी कादंबरी पुन्हा वाचली, या वेळी सावकाश. काल भर दुपारी, सगळी दारे उघडी असताना, कातर हातात घेऊन मी एक वेगळेच नाव मोठ्याने उच्चारले. इतकी वर्षे, त्या गोष्टीचा विचार मनात आला की तुमचे ते "न्हाई" मला स्पष्ट ऐकू येत असे. काल ते आले नाही. माजघरातून, कापडाची घडी उलगडताना होतो तसा, एक हलका आवाज मात्र आला.

मी कातर खाली ठेवली. हा कागद कुठे पाठवायचा नाहीच. शिवणीच्या अलीकडच्या पानात ठेवते आहे. चुकण्याची भीती मला कधीच नव्हती, अप्पा. उत्तर बरोबर निघाले, तर तुम्हाला थांबायला कारण उरणार नाही.