बाईंच्या वहीतलं ‘व्हय’

६ नोव्हेंबर १९५८, गुरुवार
पुण्याच्या बाईंनी ही वही दिली. मनातलं लिहा, मी वाचणार नाही म्हणाल्या. न वाचायला कोण वही देतं? माझ्या लेकीच्या, शालूच्या गोधडीत लपवतेय.
आजही आम्हा पाच आयांना गोल बसवलं. एकेकीनं मुलांविषयी बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मन हलकं होतं म्हणे. आमची मनं हलकी करायला पुण्याहून तुरुंगात कोण कशाला येईल? मी गप्प. दिराचं डोकं फोडलं तेव्हा कोर्टात फार बोलले, ते पुरे.
शालू पाचाची झाली. नियमानं आता बाहेर जायची, जेलर साहेबांच्या मर्जीवर माझ्याजवळ आहे. माझे सात महिने उरलेत, तेवढे निभले म्हणजे...

१३ नोव्हें., गुरु.
आमच्यातली देवबागची रुक्मीण उठली, हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं गाऱ्हाणंच घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या पोरांका हयसर तुरुंगात नको रे. खंयतरी बऱ्या जाग्यार घाल.”
सगळ्या म्हणालो, “व्हय म्हाराजा.” मीसुद्धा. लहानपणापासून जिभेला सवय. गाऱ्हाण्याला व्हय म्हणायचं, ऐकत कोण बसतं.
बाई खूश. पेन्सिल थांबेना.

१५ नोव्हें., शनि.
मला वाचता येतं म्हणून ऑफिसात बोलावलं. बाईंनी लिहिलेल्या कागदावर: ‘मुले बाहेर अनाथाश्रमात ठेवावीत, अशी सर्व मातांची एकमुखी इच्छा.’ मी तो बाकीच्यांना वाचून दाखवायचा, अंगठे घ्यायचे. आई जिवंत असून शालू अनाथ.
अंगठे घेतले नाहीत. सगळ्यांना बजावलं, बाईंसमोर पुन्हा व्हय म्हणायचं नाही.

१८ नोव्हें., मंगळ.
बाई आल्या. म्हटलं, ते व्हय देवाला होतं, तुम्हाला नव्हे. म्हणाल्या, “तसं असेल तर गुरुवारी सगळ्यांनी मिळून सांगा. मी कागद बदलते.” चेहरा खरा वाटला. चेहऱ्याला मी आधीही फसलेय.
बायकांना सांगितलं तर एकजण म्हणाली, “आदी गप ऱ्हवा म्हणालंस, आता बोला म्हणतंस. तू खंयच्या बाजूची गो?”
रुक्मीण मात्र परत गाऱ्हाणं घालायला तयार.

२० नोव्हें., गुरु.
रुक्मीणनं हात जोडले. “बा देवा म्हाराजा, पोरां आमच्याच पदरात ऱ्हवांदेत.”
सगळ्या बाईंच्या पेन्सिलीकडे भीतीनं बघत बसल्या. एकीचंही तोंड उघडेना. माझंही नाही. आत्ता लिहिताना स्वतःला थोबाडीत मारावीशी वाटतेय.
माझ्या मांडीवरून शालू एकटीच म्हणाली, “व्हय म्हाराजा.”
बाईंनी वर पाहिलं. मग एकच ओळ लिहिली. मी वाकून बघेपर्यंत त्यांची वही मिटली होती.