कात्रीचं सिंहावलोकन

३ मार्च, सोमवार
अखेर बोलावणं आलं. लायब्ररीच्या कोवलचुकबाईंचा फोन. एप्रिलमध्ये पुढच्या हॉलमधली लांब भिंत मोकळी आहे, तुमची कोलाजं लावाल का, असं विचारत होत्या. विचार करून कळवतो म्हणालो. त्यांनी फोन ठेवायच्या आत हो म्हणालो.

मासेमारी क्लबवाल्यांनी भुसा भरलेले मासे लावायला ऐनवेळी नकार दिला म्हणून भिंत मोकळी आहे, असंही त्या म्हणाल्या. त्याचा इथे संबंध नाही.

जन्मभर बंदरावरच्या धान्याच्या कोठारात नोकरी केली, पण ती वरवरची. आतून मी कापत आणि चिकटवतच होतो. आता थंडर बे शहराला कळेल. प्रदर्शनाचं नाव ठरलं: ‘सिंहावलोकन’. बायकोला, आउनेला सांगितलं. तिने विणकामातून मान वर न करता विचारलं, सिंह कोण?

उद्यापासून पहाटे उठून माझ्या कलेवर निबंध लिहायचा. भिंतीच्या सुरुवातीलाच लावू.

४ मार्च, सकाळचे साडेनऊ
पहाटे उठलो होतो. बाहेर इतका बर्फ होता की दिवस सुरू झालाय असं वाटेना.

निबंधाचं पहिलं वाक्य झालं. ‘कोलाज म्हणजे तुटलेल्याला जोडणं.’ आउनेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “तुटलेलं कुठे होतं? तू कापलंस.” कलाकाराने अशा टीकेला उत्तर देऊ नये. ‘चिकाटी’ हा शब्द चिकटवण्यातूनच आला असणार, हा मुद्दा सुचला. खोल आहे. दुसरं वाक्य उद्या.

६ मार्च
दुसरं वाक्य राहू दे. आधी कोलाजं गोळा करायला हवीत. घरात फार नाहीत. प्रत्येक नाताळाला, लग्नाला, बारशाला मी माझंच काम भेट दिलं. थोडक्यात, बरीचशी कोलाजं खासगी संग्रहांत आहेत.

पहिला संग्राहक शेजारचा तोइवो. मी विचारल्यावर तो म्हणाला, तुझं ते चित्र मी जिवापाड जपलंय. मला भरून आलं. मग त्याने मला गाडीतून गोठलेल्या तळ्यावर, त्याच्या मासे धरायच्या खोपटात नेलं. ‘कामगाराचं स्वप्न’ तिथे भिंतीच्या भोकावर खिळ्यांनी ठोकलेलं. तोइवो म्हणाला, प्लायवुड लावून पाहिलं, घोंगडी लावून पाहिली, पण वारा असा कुणीच अडवला नाही.

माझ्या कामातला थरांचा जाडपणा इतक्या अचूक शब्दांत आजवर कुणी सांगितला नव्हता. बदल्यात दोन घोंगड्या देऊन कोलाज सोडवलं. थोडा माशांचा वास आहे. प्रदर्शनापर्यंत जाईल.

११ मार्च
पाद्रीसाहेबांना भेट दिलेलं कोलाज चर्चच्या तळघरात सापडलं. भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. उन्हाने रंग उडू नयेत म्हणून ही काळजी. तळघराला खिडकी नाही, तरीही काळजी. असे लोक आता राहिले नाहीत.

चुलत बहीण साइमीने तिच्याकडचं कोलाज सॉनामध्ये, वाफ घ्यायच्या खोलीत, पाण्याच्या बादलीखाली ठेवलं होतं. कडा वर वळल्यात. आता ते सपाट राहिलं नाही, शिल्पाकडे झुकलंय.

१५ मार्च
संकल्प: प्रदर्शन होईपर्यंत नवं काहीही कापायचं नाही. शक्ती साठवायची.

दुपारी
एकच बदक कापलं. आउनेच्या मासिकात होतं, आणि फार बोलकं होतं. पानाच्या मागच्या बाजूला स्वेटरच्या डाव्या बाहीची कृती होती, हे मला कसं कळणार? स्वेटर माझाच आहे. आउने म्हणाली, आता उजवा हात तेवढा बाहेर काढत जा. त्यानंतर संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. शांतता मिळाली. काम चांगलं झालं.

२२ मार्च
वर्तमानपत्रातून एक मुलगी मुलाखत घ्यायला आली. तुमची चित्रं येतात कुठून, असं तिने विचारलं. मी डोळे मिटून म्हणालो, जगण्यातून. आउने स्वयंपाकघरातून म्हणाली, लायब्ररीतून.

मुलीने दोन्ही लिहून घेतलं. कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव घेतला. पावाची कृती मात्र पूर्ण लिहून घेतली.

५ एप्रिल, शनिवार
उद्घाटन झालं.

गर्दी. खरी गर्दी. आणि लोक नुसते बघत नव्हते, भिंतीला नाक लावून बघत होते. हाकालाकाकू ‘प्रगतीचा घोडा’समोर कितीतरी वेळ उभ्या होत्या. घोड्याच्या पोटात त्यांच्या सफरचंदाच्या केकची कृती होती, निम्मी. त्या म्हणाल्या, म्हणजे इतकी वर्षं माझा सोडा घालायचाच राहिला. म्हातारे निएमी चष्मा बदलून ‘नगराचा आत्मा’ वाचत होते. त्यात कधीकाळी लायब्ररीत येणाऱ्या मासिकातल्या रहस्यकथेचा शेवटचा तुकडा होता. वाचून झाल्यावर ते खुर्चीत बसले. “माळी होता तर,” म्हणाले, “मी उगाच डॉक्टरवर संशय घेत राहिलो.”

कला माणसाला आतून हलवते ती ही अशी.

कोवलचुकबाई पेन्सिल घेऊन प्रत्येक कोलाजमधले लायब्ररीचे शिक्के टिपत होत्या. अभ्यासू बाई. भाषण करायला मी उभा राहिलो, तेवढ्यात लेम्पी आत आली.

लेम्पी म्हणजे आउनेची थोरली बहीण. त्यांची आई गेल्यापासून दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. आईचा एकच फोटो होता, फिनलंडहून निघताना बोटीवर काढलेला. तो गायब झाला, तो धाकटीने नेला असं थोरलीला वाटतं आणि थोरलीने नेला असं धाकटीला. मी त्यात कधी पडलो नाही. बायकांचं प्रकरण.

लेम्पी ‘उत्तरेची राणी’समोर थांबली. माझं आवडतं काम. मोठ्या शिंगांचं मूस हरीण, अंगात रेशमी झगा, आणि चेहरा डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईचा.

लेम्पी म्हणाली, “आई.”

इतक्या हळू म्हणाली, तरी सगळ्यांनी वळून पाहिलं. आउने कॉफीची किटली घेऊन पलीकडच्या टोकाला होती. ती आली. बघत राहिली.

“मला वाटलं, तू नेलास,” ती म्हणाली.

“मला वाटलं, तू,” लेम्पी म्हणाली.

मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. मी समजावून सांगायला लागलो की, त्या चेहऱ्यावर डावीकडून येणारा प्रकाश मूस हरणाला नेमका लागू पडत होता, त्या काळात दुसरा असा चेहरा कुठेच मिळाला नव्हता. कुणी ऐकत नव्हतं. किटली कलंडून कॉफी माझ्या बुटावर सांडत होती, त्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं.

लेम्पीने मान तिरकी केली. “शिंगं शोभतात मात्र तिला,” म्हणाली. आउनेच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मग दोघी हसायला लागल्या. हसता हसता एकमेकींच्या खांद्याला धरलं, आणि मग ते हसणं राहिलं नाही. बराच वेळ दोघी तशाच उभ्या होत्या. आउनेला असं रडताना मी तिच्या आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

भाषण राहिलं. तंत्राबद्दल एकही प्रश्न आला नाही.

६ एप्रिल
कोवलचुकबाईंचा फोन. लोक आपापले तुकडे परत मागताहेत. वाफ देऊन अलगद काढता येतील का? मी निक्षून सांगितलं: कलाकृतीला हात लावू देणार नाही. एक तुकडाही नाही. या भूमिकेवरून मागे हटणे नाही.

दुपारी
आउनेने पाणी उकळायला ठेवलं. लेम्पी आलीच होती. ‘उत्तरेची राणी’ टेबलावर आडवी. दोघी आळीपाळीने वाफ देत होत्या आणि आईच्या गोष्टी सांगत होत्या. आई बोटीत कशी सगळ्यांची भांडणं सोडवायची, इथल्या लाकूडतोड्यांना जेवताना टोप्या कशा काढायला लावायची. मी सुचवलं की माझी खळ घरगुती आहे, जर्मन सरसापेक्षाही चिवट, वाफेला दाद देणार नाही. लेम्पीने मला पाणी आणायला पाठवलं.

अखेर आई निघाली. एक शिंग मात्र तिच्याबरोबरच आलं. ते राहू द्यायचं, असं दोघींनी ठरवलं. मला विचारलं नाही, पण निर्णय कलेच्या दृष्टीने योग्य आहे.

९ एप्रिल
आउनेची किटली आता लायब्ररीत आहे. लोक रांगेत उभे राहतात. हाकालाकाकू केकची कृती घेऊन गेल्या. घोड्याला पोट नाही. बदक मी स्वतःहून आउनेला दिलं, त्याच्या मागची बाही तिला हवी म्हणून. पूर्ण कोलाज तेवढं तोइवोने मागितलं. खोपटात वारा येतोय. इतक्या वर्षांत एवढाच खरा रसिक निघाला.

नवा विचार: रिकामे पुठ्ठे तसेच लावायचे. ‘अनुपस्थिती’. लोकांना वेळ लागेल समजायला. कोवलचुकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मासेवाले पुन्हा तयार झालेत.

१२ एप्रिल, शनिवार
वर्तमानपत्रात आलं. पहिल्या पानावर, फोटोसकट. लेम्पी आणि आउने, मधे आई. खाली लिहिलंय, ‘दोन बहिणींना आई सापडली.’ बातमी मी दोनदा वाचली. माझं नाव नाही. कृती आहे, वेलदोड्याच्या पावाची, वेगळ्या चौकटीत.

फोटोत मी आहे. म्हणजे होतो. फोटो घेताना उजवीकडे उभा राहिलो होतो, हात कमरेवर ठेवून. त्यांनी बाजू कापलीय. माझं कोपर राहिलंय. ज्याला माहीत आहे त्याला ते ओळखू येईल.

कात्रण जपून ठेवावं म्हणून कात्री शोधली. ती आउनेकडे होती. लेम्पीला पाठवायला ती फोटो कापत होती. मी म्हणालो, उजवीकडे जरा जागा सोड. तिने ऐकलं नसावं. कात्री सरळ बहिणीच्या खांद्याजवळून खाली गेली आणि कोपर टेबलावर पडलं.

स्वच्छ कापलंय. हात स्थिर आहे तिचा.