शिडीचं गाणं आणि सात दीडशहाणे

सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता वाकतो का? भाऊजींचा खोकला गेला असेल. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त कालपासून डोकं तापलंय. फोनवर सांगायला गेलो तर आवाजाने शेजारी गोळा होतील, म्हणून हे पत्र.

मी फोनवरच्या एका ग्रुपात गाण्यांचा खेळ खेळतो, तुला माहीतच आहे. एकाने गाण्याचं नाव टाकायचं, त्यातल्या शब्दावरून जे सुचेल त्याचं गाणं पुढच्याने टाकायचं. ढग आला की छत्री, छत्री आली की दांडा. (ग्रुपातल्या बाकी सातही जणांची तोंडं मी कधी पाहिलेली नाहीत. आता पाहायचीही नाहीत.) काल एका नर्सबाईंनी भिंतीचं गाणं टाकलं. मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनमागे आडवा, दोन्ही हात साबणाने बरबटलेले. तरी नाकाने टाइप केलं, ‘शिडीबाई, हलू नको’. भिंत म्हटल्यावर रंगाऱ्याच्या पोराला दुसरं काय सुचणार?

तर ग्रुपचे मुख्य, एक निवृत्त गणिताचे मास्तर, विचारतात गायक कोण, लिंक द्या. मी म्हटलं, लहान पोरांनाही ठाऊक असलेलं गाणं आहे, लिंक कसली मागता! त्यांनी शोधलं, सापडलं नाही, आणि सातांनी मिळून मला खोटारडा ठरवलं. मला! तीन वर्षं रोज खेळतोय, एकदाही लबाडी केली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी मास्तरांना लिहिलं की तुमच्या अकलेचे तारे (पुढचं लिहीत नाही, तू मोठी आहेस). त्यांनी मला ग्रुपातून काढून टाकलं. गेले उडत! अगं, बाबा शिडीवर चढले की रोज तेच गायचे, आपण दोघं खाली शिडी धरून ऐकायचो. ते काय खोटं होतं? त्या ग्रुपात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.

तुझा खवळलेला,
धाकटा

ता. क. मास्तरांनी कळवलंय, शनिवारपर्यंत पुरावा दिला तर परत घेऊ. तू साक्ष देशील ना?

आणखी एक. आज कामं सोडून दिवसभर शोधलं. ते गाणं कुठेच नाही, ताई. बाबांनी स्वतःच रचलेलं असणार. आणि मला पहिल्या ओळीपुढे काही आठवत नाही, खरा संताप त्याचा आहे. मास्तर गेले खड्ड्यात. तू ते पूर्ण गाऊन पाठव. तूही विसरली असशील तर मला सांगू नकोस, काहीतरी जुळवून गा.