गोन्डोंच्या टीव्हीवर टांगलेली म्बिरा आणि माझं बाकीचं सामान

आधीच माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि टाइप करायला मला फार वेळ लागतो. फोन रुडोचा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. म्बिरा वाजवून वाजवून माझ्या अंगठ्यांना घट्टे पडलेत, त्यामुळे फोनला माझा अंगठा लागलेला कळतच नाही. करंगळीने लिहितेय.

मी माइदेइ, टोगाराची थोरली मुलगी, वय सतरा, राहणार न्यारुंगू, माझ्यामागे कुणी भांडू नये म्हणून हे लिहून ठेवतेय. माझं डोकं ठिकाणावर आहे. मी प्यायलेली नाही. मला कुणी धाक घातलेला नाही. म्हणजे घातलाय, पण मृत्युपत्र लिही म्हणून नाही घातलेला.

मला आजार वगैरे काही नाही. परवा शनिवारी मुखियाच्या पारावर माझा न्याय आहे आणि लव्हमोर तीन दिवस आमच्या कुंपणाभोवती चाबूक घेऊन फिरतोय. तो माझ्याच वर्गात होता. तेव्हा माझ्याकडून गणितं उतरवून घ्यायचा. आता पक्षाच्या पोरांचा पुढारी झालाय. म्हणून पहिली गोष्ट हीच लिहिते: लव्हमोरला माझी गणिताची वही द्यावी. त्याला अजून भागाकार येत नाही.

शाळेचा गणवेश रुडोला. तो जेमतेम दोन वर्षं वापरलाय. उभं राहून धडा वाच म्हटलं की माझा आवाज घशात अडकायचा आणि बाई म्हणायच्या, ही मुकी का बहिरी? मग मी जाणंच सोडलं. त्या बाईंना माझ्यातर्फे काही देऊ नये.

माझी शेळी आईला. शेळीचं नाव मंत्री आहे, कारण ती दुसऱ्याच्याच शेतात खाते. हे नाव आजोबांनी ठेवलंय, माझ्यावर घालू नये.

आता मोठी वस्तू. माझ्या म्बिरेला बावीस लोखंडी पट्ट्या आहेत, दोन गंजल्यात. ती भोपळ्यात बसवून वाजवायची. ती पणजोबांची. मिशनवाले आले तेव्हा त्यांनी सांगितलं की हे सैतानाचं वाद्य आहे, आणा सगळं अंगणात. गावाने बारा आणून टाकल्या. पणजोबांनी ही एक बाजरीच्या कणगीत पुरली आणि रविवारी चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गायले, कुणाला संशय यायला नको म्हणून. मिशनचा धर्मशिक्षक होता मथियास, आपल्यातलाच. त्याने अकरा जाळल्या. बारावी खापरपणजोबा न्याम्हिटांची होती, गोऱ्यांशी पहिली लढाई लढून गेले ते. ती मथियासने कोटात घालून घरी नेली.

हे सगळं आजोबांनी सांगितलेलं आहे. आजोबा थापा मारतात, पण मिशनबद्दल मारत नाहीत.

आजोबांनी गाण्यापायी दोन्हीकडून मार खाल्लाय. दुसऱ्या लढाईत रानात लपून लढणारी पोरं यायची आणि सगळ्या गावाला गायला बसवायची. मग गोऱ्यांचे शिपाई यायचे आणि काल कोण गात होतं म्हणून फटके द्यायचे. पुन्हा पोरं यायची आणि आवाज बारीक का म्हणून तीही द्यायची. स्वातंत्र्य आलं तेव्हा रेडिओवर दिवसभर म्बिराच. ज्या मिशनने जाळल्या त्याच मिशनच्या शाळेत स्नेहसंमेलनाला म्बिरेचं पथक. आजोबा म्हणाले, सैतानाची बदली झाली वाटतं.

आता तर निवडणूक आली की आमच्या अंगणात गाडी येतेच. वाजवणाऱ्याला टीशर्ट मिळतो. मेले तरी मला त्या टीशर्टात पुरू नये, त्यावर कॉम्रेड गोन्डोंचं तोंड आहे. गोन्डो आमच्याकडचे उमेदवार. मथियासचे नातू.

काय झालं ते लिहिते, कारण शनिवारी मला ते तोंडाने सांगता यायचं नाही.

सभा फुटबॉलच्या मैदानावर होती, भर दुपारी. मला सांगितलं होतं की लढाईच्या वेळचं ते सगळ्यांना येतं ते वाजव. गोन्डो बोलत होते, आमच्या पूर्वजांनी लढाई लढली, पूर्वज आजही आमच्या पाठीशी आहेत. मग लव्हमोरने माइक माझ्या भोपळ्यात खुपसला. तो जो किंचाळला, सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं. समोर सगळं गाव. अशा वेळी माझे अंगठे आपणच कुठेतरी पळतात. ते पळाले न्याम्हिटांच्या चालीवर.

ती चाल कुठेही वाजवायची नसते. ती त्यांची आवडती, आणि ती ऐकली की ते येतात. मद्य गाळून, तपकीर ठेवून, घरची माणसं बोलावून मगच वाजवायची. आणि ज्यांच्या अंगात ते येतात त्या, आमच्याच घरात राहणाऱ्या सेकेसाइ आत्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. फुकटच्या कोकाकोलासाठी आल्या होत्या बिचाऱ्या.

माझ्या लक्षात आलं तेव्हा आत्यांनी ढेकर दिला होता. ढेकर आला म्हणजे ते यायला लागले, आता थांबून उपयोग नसतो. अर्ध्यात थांबलं तर माणूस अर्धाच येतो, ते फार वाईट. मी वाजवत राहिले. बायकांनी टाळ्या धरल्या. अंगात आलं की खांद्यावर काळं कापड घालतात, ते नव्हतं म्हणून कुणीतरी आत्यांच्या खांद्यावर काळी छत्री उघडून टाकली.

आत्या उठल्या त्या म्हाताऱ्या पुरुषाच्या चालीने. गोन्डोंसमोर उभ्या राहिल्या.

"कोण रे तू? बूट घालून बसलायस."

गोन्डोंना काय करावं कळेना. आत्ताच पूर्वज पाठीशी आहेत म्हणून झालं होतं, आता पूर्वज पुढ्यात आल्यावर नाही कसं म्हणणार? त्यांनी बूट काढले. मोजा फाटका होता, हे सगळ्यांनी बघितलं.

"मी गोन्डो, बाबा. उमेदवार."

"ते असू दे. नातू कुणाचा?"

"मथियासचा."

"हां. अकरा जाळल्या, माझी घरी नेली. कुठाय ती?"

"आहे, बाबा. बैठकीत."

"वाजवतोस?"

"नाही, बाबा."

"मग काय करतोस तिचं?"

मागून गोन्डोंचाच ड्रायव्हर बोलला, "टीव्हीच्या वर टांगलीय, बाबा. शोभेला."

अख्खं मैदान हसलं. पक्षाची पोरंसुद्धा. लव्हमोरसुद्धा, त्याने नाही म्हणू दे.

"आणून दे पोरीला," आत्यांच्या तोंडून ते म्हणाले, आणि तपकीर मागितली. गोन्डो जमिनीवर बसून, मान द्यायला टाळ्या वाजवत म्हणाले, आणतो, बाबा.

आणली नाही. त्याऐवजी सभा बिघडवली म्हणून मुखियाकडे माझी तक्रार केली, आणि मग स्वतः आले, साखर आणि तेल घेऊन, आणि आमच्या आंब्याखाली बसले. आजोबांना म्हणाले की पोर लहान आहे, तिची चूक झाली. चुकीची चाल वाजली म्हणून चुकीचंच कुणीतरी आलं. शनिवारी पारावर एवढंच म्हणायचं की मी चुकीची वाजवली, मग विषय मिटला. आजोबांनी सांगितलं की ती परक्यापुढे बोलत नाही.

"मग मान हलव," गोन्डो मला म्हणाले. "मान तर हलते ना, बाई?"

मी मान खाली घातली. ती हलवली असंच धरून ते गेले. साखर ठेवून गेले. साखर संपली, ती कुणाला देता येणार नाही.

माझी चूक झाली हे खरंच आहे. सांगितलेलं सोडून भलतं वाजवलं. पण जे वाजवलं ते तंतोतंत बरोबर वाजवलं. मी चुकीची वाजवली म्हटलं तर आत्या खोट्या ठरतात. आत्यांना मग कुणाच्या घरी बोलावणं नाही, कुणी त्यांच्यापुढे टाळी वाजवणार नाही, रस्त्यात पोरंटोरं ढेकर देऊन दाखवतील. आणि म्बिरा टीव्हीवरच राहील, बातम्या बघत. आत्यांनी मला एका शब्दानेही विचारलं नाही की तू काय सांगणारेस. कालपासून फक्त माझ्या ताटात शेंगदाण्याचं कूट घातलेली भाजी जास्त वाढतायत. त्याने जास्त त्रास होतो.

म्हणून मी काय करणार ते लिहून ठेवते. बोलायला मला जमायचं नाही. मान मी हलवणार नाही. मुखिया विचारेल, पोरी, त्या दिवशी काय वाजवलंस? तेव्हा मी तेच वाजवून दाखवेन. आत्या समोर असतील, त्यांना साक्षीला बोलावलंच आहे. यावेळी मद्य गाळलंय, आईने सोमवारीच लावलं, न बोलता. पुढचं मी कशाला सांगू? ज्यांची वस्तू आहे ते येतील आणि मागतील. त्यांना चाबकाचं भय नाही, ते कधीच मेलेत. मला आहे. म्हणून हे मृत्युपत्र.

तर मी राहिले नाही, किंवा माझे अंगठे राहिले नाहीत, तर माझी म्बिरा आजोबांना. गंजलेल्या पट्ट्या घासू नयेत, त्यांचा घुंघुं आवाज आहे तसा राहू दे.

गोन्डोंच्या टीव्हीवरची म्बिरा अजून माझ्या हातात आलेली नाही, तरी मी ती देतेय. ती रुडोला. अट एकच, तिने ती टीशर्टासाठी वाजवायची नाही. चुकून वाजली तर चालेल.

साखर परत मागायला गोन्डो आले तर त्यांना एक रिकामी पिशवी द्यावी.

सही: माइदेइ

साक्षीदार पहिले: आजोबा झ्विद्झाइ. वाचता येत नाही, पण ऐकून तीनदा हसले, आणि शेवटी हसले नाहीत. फोनच्या काचेवरच अंगठा उठवलाय.

साक्षीदार दुसरी: रुडो. फोन तिचा आहे म्हणून तिला हक्क हवा होता.

साक्षीदार तिसरे: खापरपणजोबा न्याम्हिटा. आज हजर नाहीत. जागा सोडली आहे, शनिवारी विचारून घ्यावं.

न्यारुंगू, गुरुवार, १४ जून.

आत्ताच रुडो सांगत आली की मुटोकोच्या बसचं मागचं चाक निघून एकटंच उतारावरून नदीत गेलं, आणि बसमधले सगळे उतरून ते बघायला धावलेत. मीही चाललेय, म्हणून इथेच थांबते.